दाराच्या आतली सायकल

जेद्द्याला येण्याआधी मी पत्रकं लिहायचो. चिपळूणजवळच्या केमिकल कारखान्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना लोकांच्या हातात कोंबायची ती एकपानी पत्रकं. वर जाड अक्षरात प्रश्न, खाली चार परिच्छेद संताप, तळाला सभेची वेळ. त्यात मी तरबेज होतो. कुठल्याही गोष्टीत अन्याय कुठे आहे ते मला आधी दिसायचं, माणूस नंतर. हे आज लिहितोय. तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्यावरच पत्रक काढलं असतं.

एकदा मी एका कामगाराच्या भाजलेल्या हाताचा फोटो छापला. नाव दिलं नव्हतं, म्हणून मला वाटलं काम चोख झालं. हात ओळखायला नाव लागत नाही, हे दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवलं तेव्हा कळलं. त्याच्या बायकोने माझ्या आईला रस्त्यात गाठून जे ऐकवायचं ते ऐकवलं. दोन महिन्यांत घरच्यांनी मला विमानात बसवलं. जेद्द्यात मामू होता, आईचा थोरला भाऊ. तो तिथे तीसेक वर्षं डेंटर. म्हणजे चेपलेला, फाटलेला, गंजलेला पत्रा हातोडीने ठोकून पुन्हा होता तसा करणारा.

त्याच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो होता त्या अरबी मालकाला, जुन्या इटालियन गाड्यांचं वेड. शहराबाहेरच्या औद्योगिक भागात त्याची वर्कशॉप आहे. जगभरातून भंगारात निघालेल्या गाड्या आणायच्या आणि नव्यासारख्या करायच्या. मला तिथे कागदपत्रांचं काम मिळालं. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढायचे, अल्बममध्ये लावायचे, इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या. ऑफिसला एसी, वर्कशॉपला पंखे. मी पहिल्याच आठवड्यात यावर बोललो. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, हैदराबादचा. तो हसून म्हणाला, मियाँ, तुम्हाला पंख्यात बसायचं असेल तर टेबल बाहेर टाकून देतो.

टेबल आतच राहिलं. ते मला अजून टोचतं.

गेल्या वर्षी कफीलने ठरवलं की समुद्राजवळच्या एका हॉलमध्ये या गाड्यांचं प्रदर्शन भरवायचं. गाड्यांसोबत त्या जिथे बनल्या त्या कारखान्याचा इतिहासही भिंतीवर लावायचा. इटलीच्या उत्तरेकडच्या एका शहरातला तो कारखाना, जगभर नावाजलेला. मुदीरने इटलीहून आलेली माहितीची फाइल माझ्या टेबलावर ठेवली. याचे बारा बोर्ड करा, म्हणाला, सोप्या इंग्रजीत, अरबी नंतर कुणीतरी करेल.

मी वाचायला बसलो आणि चहा विसरलो. कारखाना पाच मजली. तळमजल्यावर पत्रा आणि लोखंड आत येणार. मजल्यामागून मजला गाडी थोडी थोडी जुळत वर चढणार आणि छतावर पोचेल तेव्हा पुरी झालेली. छतावर गाड्या पळवायची पट्टी, दोन टोकांना वळणाच्या भिंती तिरप्या केलेल्या. तिथे गाडी दामटून बघायची, आणि ठीक असेल तर गोल गोल उतारावरून खाली रस्त्यावर. फायलीत संस्थापक होते, आर्किटेक्ट होता, बघायला आलेले राजे आणि पुढारी होते. शेवटी कारखाना बंद पडला आणि त्या इमारतीत दुकानं, हॉटेल, गच्चीवर बाग झाली, तेही होतं.

कामगार नव्हते. पाच मजले गाडी आपोआप चढत होती.

मग मी शोधायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी खोलीवर, मोबाइलवर. सापडलं ते सगळं वहीत उतरवलं. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरातल्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, मालक बाहेर, आणि आत काम चालूच ठेवलं. दुसऱ्या युद्धात, फॅसिस्टांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी यंत्रं थांबवली. पुढे देशाच्या गरीब दक्षिणेकडून आगगाड्या भरभरून माणसं आली. भाड्याच्या खोल्यांवर पाट्या असायच्या, दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही. मिळाली तर एका खाटेवर दोघे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा निजणार.

हे वाचून मला खोलीत बसवेना. मामू धरून आम्ही चौघे एका खोलीत होतो आणि माझी खाट माझ्या आधी एका सातारच्या वेल्डरची होती. मी उठून बकाल्यापर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलो, काही न घेता परत आलो, पुन्हा गेलो.

शुक्रवारी मामूने बांगडे आणले होते. जुम्म्याहून आल्यावर तो कालवण करायचा आणि मी कांदा चिरायचो. मी त्याला सगळा कारखाना सांगितला. संप, ताबा, पाट्या, खाटा. तो मसाला परतत ऐकत होता. मग त्याने विचारलं, पत्रा पाचव्या मजल्यावर कसा न्यायचे? मी म्हटलं, लिफ्ट असेल, पट्टे असतील. आणि गच्चीवर गाडी पळवायची म्हणजे खालच्या मजल्यावरच्याला केवढा आवाज, तो म्हणाला. मी म्हटलं, मामू, त्यांनी मालकाला बाहेर काढून कारखाना चालवला. तो म्हणाला, चालणारच रे. मालक कधी पत्रा ठोकतो?

मला पत्रकाची जाड ओळ सापडली. मी ती लगेच वहीत लिहिली. त्याने झाकण ठेवलं आणि सांगितलं, आता तिथे दुकानं झाली म्हणतोस तर एसी तरी बसला असेल.

तेव्हा मामू त्याची शेवटची गाडी करत होता. वयामुळे इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, पुन्हा नवा होणार नव्हता. ही गाडी झाली की खुरूज, कायमचं घरी. गाडी त्याच कारखान्यातली, लहानशी, दोन दारांची, फिकट हिरवी. निदान कधीतरी हिरवी होती. कुठल्या तरी शेतात तिच्यात कोंबड्या राहत होत्या असं तिच्या कागदांत लिहिलं होतं. डावं दार उघडून आतलं पुठ्ठ्याचं कव्हर काढलं, ग्रीस आणि माती धुतली, तेव्हा मामूने मला हाक मारली. कॅमेरा घेऊन ये, म्हणाला, आणि दिवा धर.

दाराच्या आतल्या पत्र्यावर, जिथे कव्हर बसलं की कुणाला कधी दिसणार नाही अशा ठिकाणी, कुणीतरी टोकदार सळईने एक सायकल कोरली होती. बोटाएवढी. दोन चाकं, हँडल, सीट, आणि शेजारी दोन रोमन अक्षरं. गाडी दाराविना असताना, मजल्यावर, कुणी तरी.

मामू बराच वेळ बघत राहिला. चाकं नीट गोल आहेत पण अक्षरं वाकडी, तो म्हणाला. उभ्याने काढलीत घाईत. बसायला देत नसतील.

मी फोटो काढले. डोक्यात बोर्ड तयार होत होता. मोटारी बनवणारा माणूस घरी सायकलने जातो आणि मोटारीत सायकल कोरून ठेवतो. मला आणखी काय हवं होतं?

पुढचे तीन आठवडे मामू त्या दारावर होता. खालची गंजलेली कड कापून नवा पत्रा जोडला, पाठीमागे लोखंडी ठोकळा धरून हातोडीने रेष आणली, तळहाताने चाचपून पुन्हा ठोकली. डोळ्याने नाही, हाताने बघतो तो. सायकलच्या जागी त्याने फक्त चिंधीने पुसलं. आणि दार पुरं झालं त्या दिवशी, प्राइमर मारायच्या आधी, त्याने मला पुन्हा दिवा धरायला सांगितलं. खिशातून सळई काढली आणि सायकलपासून चार बोटं सोडून, सावकाश, खोल, आपल्या गावाचं नाव कोरलं. देवनागरीत. तीन अक्षरं आणि वर सरळ रेघ.

मी विचारलं, हे काय? प्रत्येक गाडीत असतं, तो म्हणाला. पहिल्या वर्षापासून. मी म्हटलं, मग स्वतःचं नाव का नाही? तो म्हणाला, माझ्या नावाचे इथे चार जण आहेत. गाव एकच.

कुणाला सांगू नकोस असं तो म्हणाला नाही. ती सांगायची गोष्टच नव्हती त्याच्या लेखी. सळई खिशात गेली, दिवा बंद झाला, त्याने हात धुतले. मी मात्र त्या दिवसापासून पेटलो. पाहा ना, एक तो, एक हा. एक कारखान्याच्या मजल्यावर, एक जेद्द्याच्या पंख्याखाली. एकाच दारात. कुणाच्याही पत्रकाला असा पुरावा आयुष्यात मिळत नाही.

बारा बोर्डांच्या जागी मी तेरा लिहिले. तेराव्यात खाटा होत्या, पाट्या होत्या, यंत्रं थांबवली तो दिवस होता, आणि मधोमध मोठा फोटो. सायकल आणि शेजारी मामूचं गाव, दोन्ही स्पष्ट. खाली लिहिलं की हे दार दोन कामगारांनी बनवलं आहे आणि भिंतीवरच्या कुठल्याच बोर्डावर त्यांचं नाव नाही. मामूला दाखवलं नाही. विचारावं असं मनातही आलं नाही. तुमच्या बाजूने लिहिलंय, मग विचारायचं काय, असा माझा तेव्हा हिशेब असायचा. चिपळूणच्या त्या हातालाही मी विचारलं नव्हतं.

फाइल मुदीरला दिली. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी कफील स्वतः वर्कशॉपमध्ये आला, मुदीर मागे, आणि त्यांच्याबरोबर इटलीहून प्रदर्शनासाठी आलेला तज्ज्ञ. सत्तरीचा, बारीक, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. माझा तेरावा बोर्ड मुदीरच्या हातात होता.

कफील दारापाशी वाकला आणि सायकल बघून लहान मुलासारखा खूष झाला. तज्ज्ञाला हाताला धरून बोलावलं. म्हातारा गुडघ्यावर बसला, चष्मा लावला. मग इंग्रजीत सांगितलं की त्याचे आजोबा तिथेच होते, ते सायकलने जायचे, गेटबाहेर हजारो सायकली असायच्या. त्याने बोट जवळ नेलं, लावलं नाही.

कफीलने ठरवून टाकलं. एवढा भाग कव्हरने झाकायचा नाही, काच बसवायची, आत छोटा दिवा. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग त्याची नजर चार बोटं पुढे गेली. हे काय लिहिलंय, त्याने अरबीत विचारलं. मुदीरने मामूकडे पाहिलं. मामूने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने सांगितलं, माझ्या गावाचं नाव आहे, सर.

कफील रागावला नाही. रागावला असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने तज्ज्ञाला विचारलं, गाड्या अस्सल आहेत का ते ठरवणारे परीक्षक काय म्हणतील? म्हातारा अवघडला. उठताना दाराचा आधार घेतला आणि माझ्याकडे बघून, मामूकडे नाही, म्हणाला, "सायकल कारखान्यातली आहे, तो इतिहास. हे नंतरचं आहे. हे रिपेअर."

मी पुढे झालो. म्हटलं, या माणसाने हे दार पुन्हा बनवलंय, अर्धा पत्रा त्याचा आहे, तुमची सायकल वाचली ती त्याच्यामुळे, आणि तुम्ही म्हणता रिपेअर? माझा आवाज चढला होता. पुढची वाक्यं तयारच असतात माझ्याकडे, रांगेत उभी.

मामू मराठीत म्हणाला, "तू गप. विचारलं कुणी तुला?"

आवाज चढवला नाही त्याने. मुदीरला मराठी कळत नाही, पण तोही खाली बघायला लागला.

खलास, मुदीर म्हणाला. आजच्या आज साफ करून घ्या, उद्या प्राइमर. ते तिघे ऑफिसात गेले. मामूने कागदी टेप घेतली आणि आधी सायकलवर दोन थर चिकटवले, तिला ओरखडा पडू नये म्हणून. मग कानस घेतली. मशीन लावलं असतं तर पाच मिनिटांचं काम, पण मशीन सायकलपर्यंत गेलं असतं. अक्षरं खोल होती. त्याने आधी वरची रेघ काढली, मग एकेक अक्षर, मग पॉलिश पेपर, जाड, बारीक, त्याहून बारीक. खड्डा राहिला तिथे लेड, म्हणजे वितळवलेलं शिसं, भरलं, पुन्हा घासलं. मी दिवा धरायला गेलो. त्याने दिवा माझ्या हातातून घेऊन दाराला टांगला. दुपार कलल्यावर असरची अजान झाली तेव्हा तो बोटांच्या पाठीने जागा चाचपत होता. आता हाताला काही लागत नव्हतं. तीसेक वर्षं जो हात पत्र्यातला प्रत्येक उंचवटा शोधतो, त्या हाताला लागत नव्हतं, म्हणजे कुणालाच लागणार नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही. चार माणसांच्या खोलीत न बोलणं कठीण असतं, बाकीचे दोघे मुद्दाम मोठ्याने क्रिकेटवर बोलायचे. मी जेवण टाकून रस्त्यावर फिरायचो. माफी मागावी तर कशाची, हे मला ठरवता येईना. मी जे लिहिलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अजूनही म्हणतो, नव्हतं. आणि तरी गेट आणि हात आणि आता हे.

मग आठवड्याने मुदीरने बोलावलं. प्रदर्शनात बाकीच्याही गाड्या जाणार होत्या. मियाँ, फोटो सगळे तुमच्याकडे, तो म्हणाला. जुने अल्बम तपासा. बुढ्ढ्याने अजून कुठे काय कोरलं असेल तर गाडीवार यादी द्या, हॉलमध्ये जाण्याआधी घासून घेऊ. आवाजात खुन्नस नव्हती. त्याला काम संपवायचं होतं.

मी अल्बम काढले. माझ्या आधीच्यांनी काढलेले, कित्येक वर्षांचे. आधी कळतच नव्हतं कुठे बघायचं. मग डिकीच्या झाकणाखाली सापडलं. मग एका लाल गाडीच्या पुढच्या सीटखाली. एकात चाकावरच्या कमानीच्या आत, तो फोटो काढणाऱ्याला आपण काय टिपलं याचा पत्ताही नसेल. तीच तीन अक्षरं. जुन्या फोटोंत हात कच्चा, रेघ तिरकी, पुढे पुढे अक्षरं सुबक होत गेलेली. किती गाड्या ते सांगत नाही. मी दिवसभर बघत होतो. हाही एका कारखान्याचा इतिहास होता आणि तो वाचता येणारा त्या इमारतीत मामू सोडून मी एकटाच.

फॉर्मवर सगळ्या गाड्यांची नावं टाइप केली. शेजारचा रकाना रिकामा. माझ्यासारख्याला असा रकाना भरल्याशिवाय चैन पडत नाही. मी दोनदा उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा बसलो. मग प्रत्येक गाडीपुढे लिहिलं, काही आढळलं नाही. ओळीने, एकाखाली एक. आयुष्यात पहिल्यांदा मी छापील कागदावर खोटं लिहिलं, खाली सही केली आणि मुदीरला नेऊन दिलं. त्याने न वाचता फायलीत लावलं.

मामू जायच्या आदल्या दिवशी बॅगेला दोरी बांधत होता. मी टोक धरलं. त्याने विचारलं, यादी मागितली होती ना त्याने? हो म्हटलं. काय दिलंस? मी सांगितलं. त्याने गाठ मारली, दोरी ओढून पाहिली.

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

त्याने दुसरी दोरी घेतली आणि या वेळी टोक त्यानेच माझ्या हातात दिलं.

प्रदर्शन भरलं, महिनाभर चाललं. कुटुंबंच्या कुटुंबं येत होती, इंडियन शाळेतली पोरं इंग्रजीत आयांना फोटो काढायला सांगत होती. भिंतीवर बारा बोर्ड, माझेच, पण त्यात संप नाही, खाटा नाहीत. हिरव्या गाडीच्या दारात काच, दिवा आणि सायकल. खाली कुणीतरी लिहिलेली पट्टी: अज्ञात कारागिराची खूण. ती वाचताना माझे दात शिवशिवायचे. शेजारची लाल गाडी नुसतीच लाल होती. लोक तिच्यासमोर उभे राहायचे आणि मी सीटकडे बघू नये म्हणून भिंतीकडे बघायचो. सांगावं असं रोज वाटलं. कुणा एकाला. कोकणातलं कुणी दिसलं की फारच.

हे लिहिण्याआधी मी मामूला फोन करून विचारलं. गावाचं नाव घालू नकोस, म्हणाला, माझंही नको, गाड्यांचंही. बाकी लिही. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

प्रदर्शन चालू असतानाही त्याचा एक फोन आला होता. घरचं पत्र्याचं छप्पर दुरुस्त करतोय म्हणाला. मी सांगितलं, हिरव्या गाडीसमोर सगळ्यात जास्त गर्दी असते, पोरं दार उघडझाप करतात. तो लगेच अस्वस्थ झाला. बिजागरी जुनीच ठेवलीय, म्हणाला, बोटाने बसवलंय ते दार, आपटलं की दाराची रेष बिघडेल. तू तिथे लिहितोस ना? मग लिहून लाव की.

मी त्याच दिवशी लावलं. इंग्रजीत आणि एका दोस्ताकडून करून घेतलेल्या अरबीत, कुणाला न विचारता, दाराच्या हँडलशेजारी. दार हळू लावा.